कुलपापुढची रांग

पुण्याहून धाराशिवची बस सुटली तेव्हा माझ्याकडे दोन कॅमेरे होते, एक पाठपिशवी होती आणि संपादकांनी दिलेला एक सिद्धान्त होता. सिद्धान्त असा, की छोट्या शहरांच्या भिंती आता बोलू लागल्या आहेत. मुंबईतल्या थंडगार खोलीत बसलं की लांबच्या भिंतींचा आवाज फार स्पष्ट ऐकू येतो, हे वृत्तछायाचित्रकार म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला ठाऊक झालं आहे.

"ग्राफिटी, बंड, तरुणाई," ते फोनवर म्हणाले होते. "मराठवाड्यातून अजून कुणी केलेलं नाही."

"तिथं असं काही असेल का पण?"

"नसेल, तर तेही फार बोलकं आहे."

पुरावा म्हणून त्यांनी कुठून तरी फिरत आलेला एक धूसर फोटो पाठवला होता. एका भिंतीवर माणसाच्या उंचीच्या बायका रांगेत उभ्या होत्या, काळ्या आणि तांबड्या रेघांत काढलेल्या. खाली कुणीतरी 'परंड्याकडं' एवढंच लिहिलेलं. एवढ्या भक्कम माहितीवर मी निघाले. प्रवासात पाणी प्यायले नाही. एकटीनं एसटीनं फिरणारी बाई पाणी पीत नसते. हा नियम कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात छापलेला नसतो, तरी सगळ्या जणी तो तंतोतंत पाळतात.

धाराशिवच्या भिंती बोलत होत्या यात शंका नाही. एक भिंत मला बोअर मारून देणार होती, दुसरी दहावी पास करणार होती, तिसरी मूळव्याध विनाशस्त्रक्रिया घालवणार होती. त्यांच्या अधूनमधून सरकारी चित्रकला. हात असलेलं झाड, पेन्सिलीवर बसून उडणारी मुलगी, आणि गोल गालांची हसरी पृथ्वी. पृथ्वीला इतकी खूश मी सरकारी भिंतींखेरीज कुठंच पाहिलेली नाही. जिल्ह्याचं नवं नाव काही पाट्यांवर होतं, जुनं काहींवर होतं, आणि रिक्षावाल्याच्या तोंडात दोन्ही होती. गिऱ्हाईक जे म्हणेल ते.

मी एका पोपडे उडालेल्या भिंतीवर कॅमेरा लावला तर शेजारच्या किराणा दुकानातून मालक धावतच बाहेर आला.

"म्याडम, मोजणी हाय का? रस्ता रुंद करायलेत का?"

"नाही हो. भिंतीचा फोटो घेतेय."

"कामून? कशासाठी?"

"कला म्हणून."

त्यानं भिंतीकडं पाहिलं. तिथं 'येथे लघवी करू नये' असं लिहिलेलं होतं आणि त्या सूचनेला लोकांनी दिलेला प्रतिसाद खाली ताजा होता. दुकानदार बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं मला स्टूल आणून दिलं. अशा माणसांशी प्रेमानं वागावं, असं बहुधा त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

संध्याकाळच्या बसनं परंड्याला गेले, लॉजवर झोपले आणि सकाळी किल्ला गाठला. किल्ला देखणा आहे. खंदक, बुरुज, तोफा, सगळं काही जागच्या जागी. दगडावर बाणानं विंधलेली हृदयंही जागच्या जागी. ज्यांनी ती कोरली त्यांच्यातल्या निम्म्यांची लग्नं भलतीकडंच झाली असतील. दगड मात्र शब्दाला जागलेला. मी चांगले पन्नासेक फोटो काढले आणि संपादकांना एक पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "छान. पण यात राग कुठे आहे?"

राग शोधायला मी स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरले आणि चहावाल्याला तो धूसर फोटो दाखवला. त्यानं नीट पाहिलं आणि सांगितलं, "ही तर आमच्या बाजारच्या गावची भिंत. माझ्या बायकूचं माहेर हाय तिथं. ही बघा, ही शेवटून तिसरी. माझी मेहुणी."

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तशी अट मला पुढं घातली गेली आणि मी ती कबूल केली. एवढं सांगते, की ते परंड्याच्या आसपास आहे, आठवड्याचा बाजार भरतो, खव्याच्या भट्ट्यांचा गोड धूर वेशीपासूनच नाकात शिरतो, आणि बस थांबते तिथं एक चौथरा आहे. चौथऱ्याला लागून महिलांचं स्वच्छतागृह. छान बांधलेलं, निळ्या फरशीचं. दर्शनी बाजूला उद्घाटनाची संगमरवरी पाटी, पाटीवर इतकी नावं की स्वच्छतागृहाला जागा उरली हेच नवल. आणि दाराला कुलूप.

कुलपापासून भिंत सुरू होत होती आणि भिंतीवर रांग सुरू होत होती.

धूसर फोटोनं काहीच सांगितलेलं नव्हतं. कोळशाची दमदार रेघ, लुगड्यांना गेरूचा रंग. सगळ्यात पुढं भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली म्हातारी, दाराच्या अगदी तोंडाशी, एक पाय दुसऱ्यावर दाबून. तिच्यामागं बुरखा वर केलेली बाई, कडेवर लेकरू. मग दप्तर पोटाशी धरलेली कॉलेजची मुलगी. मग ऊसतोडीला निघालेली, डोक्याला फडकं बांधलेली. कुणी आभाळाकडं बघतेय, कुणी दाताखाली पदर धरलाय. शेवटची पाठमोरी, अंगावर काठापदराचं भारी लुगडं. एकीचाही चेहरा रागीट नव्हता. सगळ्यांचे चेहरे जे होते ते मला इतके ओळखीचे होते, की मी कॅमेरा खाली घेतला. सकाळपासून माझाही तोच चेहरा होता.

चौथऱ्यावर, चित्रातली ती पाटीवाली म्हातारी जशीच्या तशी बसलेली होती. गोदाबाई. समोर मेथीच्या जुड्या.

"मावशी, हे कुणी काढलं?"

"काय?"

"हे चित्र. तुमचंच आहे की."

गोदाबाईंनी मान वळवून भिंत पाहिली, जणू आत्ताच कुणीतरी सांगितलं की तिथं भिंत आहे. "अगं बया! व्हय की. म्या न्हाय बगितलं."

तिथं बसलेल्या एकीनंही पाहिलेलं नव्हतं. दिवसाढवळ्या, भर स्टँडवर, अख्ख्या गावातल्या बायका भिंतीवर उमटल्या होत्या आणि गावातल्या कुणालाही पत्ता नव्हता. असलं एकमत आपल्याकडं फार थोड्या बाबतींत होतं.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारण्यासाठी मी खरं तर पत्रकार नसते तरी चाललं असतं. "मावशी, इथं जायचं असेल तर कुठं जाता?"

हे विचारल्याबरोबर सगळं बदललं. एक बाई उठली, "चला" म्हणाली, आणि मला गल्लीतून एका घरी घेऊन गेली. दार एका साठीपुढच्या बाईंनी उघडलं. पांढरीशुभ्र ओढणी, चष्मा, आणि नखांत काळं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "मागच्या अंगणात, डावीकडं. बोलू मग."

या आपा. त्यांना सगळं गाव आपाच म्हणतं. गावच्या शाळेत त्या जन्मभर चित्रकला शिकवत होत्या. मी बाहेर आले तेव्हा चहा तयार होता आणि मी, बऱ्याच तासांनी, तांब्याभर पाणी प्यायले.

"नखांत कोळसा आहे तुमच्या," मी म्हणाले.

"चूल पेटवली ना बेटा."

"घरात गॅस आहे."

आपा हसल्या. हसताना त्या फार तरुण दिसत. त्यांनी सगळं सांगून टाकलं, कारण एवढ्या लांबून येऊन बिचारीनं रिकाम्या हातानं का जावं, असं त्यांचं म्हणणं. स्वच्छतागृहाचं उद्घाटन झालं, फोटो झाले, पेढे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या यजमानांनी दाराला कुलूप लावलं. कारण? वापरलं तर खराब होईल.

"सरपंच बाई आहेत?"

"कागदावर मंगलताई. बाकी सगळं दादाराव." आपांनी साखर ढवळली. "माझाच विद्यार्थी. सफरचंद काढायला सांगितलं तर विटेसारखं काढायचा. पर लई मन लावून काढायचा हं."

आपा दर आठवड्याला गुडघ्यांच्या दवाखान्यासाठी बसनं जायच्या. बसला उशीर व्हायचा. एकदा चौथऱ्यावर बसल्या बसल्या, शेजारी गोदाबाई पाय आवळून बसलेली बघून, त्यांनी चौथऱ्याखाली पडलेला एक कोळसा उचलला आणि तिला भिंतीवर उभी केली. नुसती गंमत म्हणून. पुढच्या आठवड्यात कडेवर लेकरू घेतलेली बाई पुढं येऊन म्हणाली, "आपा, मला बी काढा. म्या बी हितंच थांबते." मग कॉलेजची मुलगी. मग ऊसतोडीची. आपा काढायला लागल्या की बाकीच्या बायका भोवती उभ्या राहून गप्पा मारायच्या, पदर झटकायच्या, भांडणही उकरून काढायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, बायकांचा नेहमीचा गलका.

"आणि ती शेवटची, पाठमोरी?"

आपांनी ओढणी सारखी केली. "तिनं सांगितलं, आपा, तोंड काढू नका."

मी आपांचा फोटो काढला, हातात कोळसा घेतलेला. त्यांनी काढू दिला. वर छापायची अट घातली: नाव न्हाय, गाव न्हाय, तोंड न्हाय. छायाचित्रकाराला यापेक्षा सोपी अट घालता येत नसेल. रात्री जेवायला भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) होती, आणि शेवटी खव्याची पोळी. मी तीन खाल्ल्या आणि चौथी नको म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही.

सकाळी निघायच्या तयारीत स्टँडवर आले तर दादाराव माझी वाट बघत उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळावर गंध. त्यांच्या वाढदिवसाचा फलक चौकात होताच, त्यामुळं ओळख करून घ्यावी लागली नाही. त्या फलकावर ते आकाशाकडं बघत होते, इथं माझ्या कॅमेऱ्याकडं.

"म्याडम, तुम्ही प्रेसवाल्या. आमची जरा अडचण हाय. आज सुंदर गावच्या स्पर्धेचे पाव्हणे यायलेत तपासणीला. आन् भिंत बघा कशी घाण केलीय."

"पुसून टाका मग."

"पुसणारच. चुना मारायलोत. पर उद्या परत काढतील ना! मला नाव पायजे. पोलिसांत तक्रार द्यायची." त्यांनी आवाज उतरवला. "तसा मला संशय हाय. पर त्या माझ्या बाई हायेत शाळेतल्या. नुसत्या संशयावर कसं बोलणार? फोटो असला तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडं असंल. दाखवा की."

आवाजात धाक नव्हता, पण चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्यांची माणसं उभी होती आणि माझी बस आलेली नव्हती. गोदाबाईंनी मेथीवर पाणी शिंपडायचं थांबवलं. आपा आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन, आणि माझ्याकडं अजिबात बघत नव्हत्या.

कॅमेरा देणार नाही म्हणाले असते तर त्यांना उत्तर मिळालंच असतं. फोटो पुसायला बटणांशी चाळा केला असता तरी मिळालं असतं. मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढं धरला आणि अगदी सुरुवातीपासून फोटो दाखवायला लागले. बोअरची जाहिरात. मूळव्याध. हसरी पृथ्वी. दादाराव मान डोलावत होते. किल्ल्यावरची हृदयं, एकामागून एक. त्यांची मान डोलायची थांबली. मग गाव, वेस, खव्याची भट्टी, चौक. आपांचं घर यायला थोडेच फोटो राहिले होते आणि मी अंगठा मुद्दाम सावकाश हलवत होते.

"थांबा!" दादाराव ओरडले.

मी अंगठा उचलला. पडद्यावर चौकातला फलक होता. आकाशाकडं बघणारे दादाराव, वरच्या कोपऱ्यात योगायोगानं उडत आलेला बगळा.

"हा लई झकास आलाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. "हा पाठवा ना मला. बगळ्यासकट."

मी तिथल्या तिथं पाठवला. तो बघण्यात ते इतके रंगले, की पुढचे फोटो बघायचे राहूनच गेले. माणूस स्वतःवर एवढं निरपेक्ष प्रेम करू शकतो, हे पाहून मला त्या क्षणी तरी फार बरं वाटलं.

तेवढ्यात चुना मारणारे दोघे आले, रिकाम्या हातांनी.

"सामान कुठाय?" दादारावांनी विचारलं.

"तुमीच आत ठिवलंय की मालक. चुन्याच्या गोण्या, ब्रश, बादल्या, समदं."

"आत कुठं?"

दोघांनी स्वच्छतागृहाकडं बोट दाखवलं.

गावाच्या सुशोभनाचं सगळं साहित्य सुरक्षित राहावं म्हणून स्वच्छतागृहात ठेवलेलं होतं. रांग पुसायची तर कुलूप उघडणं भाग होतं. दादारावांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप काढलं, दार ढकललं. चुना बाहेर आला, ब्रश आले, घड्या घातलेल्या खुर्च्या आल्या, मागच्या वर्षीच्या पताका आल्या. ती माणसं शेवटची गोणी घेऊन वळली आणि त्यांच्या बगलेतून गोदाबाई, हातात मेथीवर शिंपडायचं पाणी घेऊन, शांतपणे आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.



"ओ मावशी!" दादारावांनी दार वाजवलं. "बाहेर या! कुलूप लावायचंय!"

आतून खणखणीत आवाज आला, "माणूस हाय आत!"

मग कडेवरच्या लेकरासकट ती बाई उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागं कॉलेजची मुलगी. मग फडकं बांधलेली. मग बसमधून उतरलेल्या दोघी, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना रांग दिसली आणि त्या लागल्या. भिंतीवर चुन्याचे फटकारे बसायला लागले होते आणि भिंतीसमोर तीच रांग उभी होती, हलती बोलती. मी फोटो काढत होते. एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता, दुसरा पाण्यानं भरलेला, आणि तो चुन्यामुळं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

दादाराव रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. "अहो, पाव्हणे यायलेत! हे काय बरं दिसतंय? नंतर या, उद्या या!" बायका त्यांच्याकडं बघत नव्हत्या. मोठ्या माणसानं लहान मुलाच्या हट्टाकडं करावं तसं दुर्लक्ष.

एवढ्यात पाहुण्यांच्या ओवाळणीचं ताट घेऊन मंगलताई आल्या. काठापदराचं भारी लुगडं. त्या थांबल्या. त्यांनी दार पाहिलं, रांग पाहिली, नवऱ्याच्या हातातलं कुलूप पाहिलं. ताट त्यांनी आपांच्या मांडीवर ठेवलं.

"द्या इकडं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय?"

"कुलूप."

ते त्यांनी घेतलं, चाबीसकट कमरेला खोचलं, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, तू कुठं उभी राहतीस?" दादारावांचा आवाज फाटला. "सरपंच हाईस तू!"

हे त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत मान्य केलं होतं, असं मला नंतर कळलं.

"व्हय," मंगलताई म्हणाल्या. "म्हणूनच शेवटी थांबलेय."

पाहुणे आले तेव्हा अर्धी भिंत पांढरी झाली होती आणि रांग अजून सरलेली नव्हती. प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, हे काय? दादाराव एक क्षण, फक्त एक क्षण, अडखळले. मग म्हणाले, "महिलांसाठी खास सुविधा केलीय साहेब. आमच्याकडं रोज अशीच गर्दी असते." पाहुणे फार खूश झाले. कुलूप नसलेल्या दारापुढं सामुदायिक फोटो झाला. तो काढायला मलाच सांगितलं. मी काढला, मधोमध दादाराव, आकाशाकडं बघताना. त्यानंतर कॅमेरा पिशवीत ठेवून मी मंगलताईंच्या मागं जाऊन उभी राहिले. आत फरशी खरंच निळी होती.

आपा ताट मांडीवर घेऊन तशाच बसल्या होत्या. भिंतीवरची शेवटची बाई चुन्याखाली गेली तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"कशाचं?" त्यांनी चष्मा पुसला. "लाइन सरली. आता चित्र काय करायचंय?"

पण चष्मा त्यांनी बराच वेळ पुसला.

कुर्डुवाडीहून रेल्वेनं मी परत आले. लेख छापून आला. संपादकांनी मथळा दिला, 'भिंतींचा एल्गार', आणि आत राग थोडा कमी पडला म्हणून हळहळले. चित्रातल्या रांगेचा फोटो पानभर लावला, गावाचं नाव वगळून. एवढं मात्र त्यांनी ऐकलं. मी आजवर पुष्कळ शहरांतल्या भिंतींचे फोटो काढले आहेत. त्या रंगवणारे मला सांगत आले, की त्यांना व्यवस्थेला हादरा द्यायचा आहे, आणि व्यवस्था त्यांना पुढच्या महोत्सवाचं आमंत्रण देत आली. एका भिंतीमुळं एक कडी आतून लागली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि तिला कला म्हणायचं की आंदोलन, यावर आमच्या कार्यालयात दोन बैठका झाल्या.

अंक मी आपांना पाठवला. त्यांचा फोन आला.

"मिळाला बेटा. दार उघडंच असतं. मंगल रोज सकाळी स्वतः बघून जाते." "पर तू तो फोटो एवढा मोठा छापायला नको होता."

"का? कुणी ओळखलं का? काही त्रास झाला का?"

"तसलं काय न्हाय गं. गोदाबाईचं नाक चुकलंय. लहान फोटोत खपून गेलं असतं. लईच बसकं झालंय, ती रोज बोलून दाखवते मला." आपांनी सुस्कारा टाकला. "बघते. भिंत काय झकास पांढरी करून दिलीय. या बुधवारी बस उशिरा आली तर तिचं नाक बसवते एकदा नीट."